घटकेचा केला तास

आमच्या घरात पंचांग वाचायचं खातं माझ्याकडं आलं ते माझ्या हुशारीमुळं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. दर वर्षी पाडव्याच्या आधी बेळगावच्या मामाकडून मराठी पंचांग टपालानं यायचं. त्या वर्षी ते आलंच नाही. आईनं आठ दिवस पोस्टमनची वाट बघितली, मग ती अप्पांच्या मागं लागली, आणि अप्पांनी एका संध्याकाळी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून येताना गूळ, खोबरं आणि एक कन्नड पंचांग आणून टेबलावर ठेवलं. चंद्र एकच आहे, तो छापलाय कुठल्या भाषेत याच्याशी तुला काय करायचंय, असं ते आईला म्हणाले. आता आईचं माहेर सांगलीकडचं. भाजीवाल्याशी कन्नडमधून हुज्जत घालावी ती तिनंच, पण छापलेलं कन्नड अक्षर म्हणजे तिला नुसत्या जिलब्या. अप्पांचा जन्म हुबळीचा, आयुष्य सरकारी कचेरीत कन्नड टिपणं लिहिण्यात गेलेलं. त्यांना सगळं वाचता येत होतं, पण ते वाचायचे नाहीत. त्यांचा विश्वास फक्त सरकारी सुट्ट्यांच्या यादीवर. पंचांगाला ते चंद्राचं हजेरीपुस्तक म्हणत, आणि हा कर्मचारी रोज पाऊण तास उशिरा उगवतो, त्याच्यावर घर कसं चालवायचं, असं विचारत. राहिले मी. मी नववीत होते, आणि मराठी शाळा लांब पडते म्हणून मला कन्नड शाळेत घातलेलं होतं. तेवढ्या एका पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

नेमणूक झाल्यावर मी जी काही वागले त्याची आज लाज वाटते, पण गोष्ट सांगायची तर लाज बाजूला ठेवायला हवी. आम्ही राहत होतो त्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या सहा भाड्याच्या बिऱ्हाडांत, सकाळी साडेसहाला नळ यायचा. घागरींचा खणखणाट, कुणाच्या तरी चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज, लांबून गिरणीचा भोंगा, आणि या सगळ्याच्या वर माझा आवाज. मी आमच्या पायरीवर उभी राहून, बोटाला दंतमंजन लावलेलं तसंच ठेवून, जाहीर करायची: आज द्वादशी, नक्षत्र पुष्य. कुणी विचारलेलं नसायचं. शेजारच्या गंगक्का घागर कमरेवर घेत गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "शैला, आज ऊट माडबहुदा? जेवलं तर चालतंय नव्हं?" मी तितक्याच गंभीरपणे पान उलटून चालतंय म्हणून सांगायची. त्या माझी चेष्टा करतायत हे मला कळायला दसरा उजाडला. तिथी आणि नक्षत्र यांची नावं तेवढी मी वाचायची. पुढच्या रकान्यात ते कधी संपतं त्याचे बारीक आकडे असायचे, पण तिकडं बघायची वेळच आली नव्हती. नाव वाचता आलं की पंचांग आलं, अशी माझी समजूत होती.

पाडव्याच्या दिवशी पूजा झाल्यावर आईनं मला भाद्रपदाचं पान काढायला सांगितलं होतं. अक्षर येत नसलं तरी आपल्या गौरींचं पान आपल्याला सापडलं पाहिजे, त्यासाठी पोरीची मिनतवारी करायला लागू नये, म्हणून तिनं ओल्या कुंकवाचं बोट त्या पानाच्या माथ्यावर टेकवलं. खूण झाली. पंचांग मिटलं. पुढं श्रावण येईपर्यंत ते पान कुणी उघडलं नाही.

आता गौरींचं सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. गणपती तिथीनं येतो, भाद्रपदातल्या शुद्ध चतुर्थीला. गंगक्कांच्या घरची गौरसुद्धा तिथीचीच, तृतीयेची, गणपतीच्या आदल्या दिवशी. आमच्या मराठी घरांतल्या गौरी मात्र तिथी मोजत नाहीत. चंद्र अनुराधा नक्षत्रात आला की त्या येतात, ज्येष्ठेत जेवतात आणि मूळ नक्षत्रात परत जातात. आणि चंद्राची चाल काही सारखी नसते. कधी झपाझपा, कधी रेंगाळत. त्यामुळं एक नक्षत्र कधी दिवसापेक्षा कमी, कधी जास्त. आज चहाच्या वेळी सुरू होऊन उद्या आंघोळीच्या वेळी संपलं, असंही होतं. म्हणून गौरी कुठल्या वारी, हे दर वर्षी नव्यानं बघावं लागतं. गंगक्कांना या प्रकाराचं फार नवल. दर वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आपल्या गौरीचा पुरणाचा कडबू आमच्याकडं आणून देताना त्या आईला टोमणा मारायच्या, "आमच्यात बघा, आधी तायी, मग मग." कन्नडमध्ये मग म्हणजे मुलगा. आधी आई, मागून मुलगा, हा त्यांचा सरळ हिशेब. आईही ठेवून द्यायची नाही. आमची गौर लेकाला आधी पाठवते, घरातली माणसं कशी आहेत बघून ये म्हणते, आणि मगच पाऊल टाकते, असं ती सांगायची.

घरातली माणसं कशी आहेत, हा प्रश्न त्या दिवसांत खरोखरच होता. अप्पांची धाकटी बहीण, इंदूआत्या, अळणावरच्या एका शाळेत शिक्षिका. सुट्टी लागली की आमच्याकडं यायची, येताना जंगलातल्या मधाची बाटली आणायची, माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. तिनं तिच्याच शाळेतल्या शिवानंद मास्तरांशी लग्न केलं. ते कन्नड, आपल्या जातीतले नव्हेत. लग्न कचेरीत सह्या करून झालं, आणि अप्पांना झाल्यावर पत्रानं कळलं. अप्पांचा राग जातीचा होता की न विचारल्याचा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. दोन्ही राग एकमेकांच्या आड लपलेले असायचे. एकाला धरायला जावं तर दुसरा पुढं यायचा. ते ओरडले नाहीत. नुसतं तिचं नाव घ्यायचं बंद केलं. तीन वर्षं. आमच्या गौरी दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आजीच्या वेळचे पितळी मुखवटे. त्या उंबऱ्यावरून आत आणायला दोन बायका लागतात. एक आई असायची, दुसरी इंदूआत्या. ती येईनाशी झाल्यावर दुसरा मुखवटा गंगक्का आणायच्या. हौसेनं आणायच्या, कुंकवाची पावलं जपत चालायच्या, पण आईचा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा ते मला आठवतं. गौरीला माहेरवाशीण म्हणायचं, तिच्यासाठी पुरण घालायचं, आणि घरच्या माहेरवाशिणीनं अळणावरला बसून पोरांना पाढे शिकवायचे.

श्रावणातल्या एका दुपारी आईनं मला पोस्टकार्ड आणायला लावलं आणि स्वैपाकघरात पाटावर बसवून सांगायला सुरुवात केली. अप्पांना विचारलंय का, असं मी म्हटलं. माझी ती एक वाईट सवय, अजूनही गेलेली नाही. आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारलं की नाही म्हणायची सोय होते. तीन वर्षं मी ऐकलं. चौथ्या वर्षी नाही. तू लिही." कार्ड लहान होतं. गौरी अमुक वारी येतात, अमुक वारी जेवण, तू ये. एवढं लिहून मी सहीला जागा सोडली तर आई म्हणाली, खोड ते. ‘तू ये’ नको. ‘दोघं या’, असं लिही. मी ‘तू ये’ खोडून ‘या’ केलं आणि वर ‘दोघं’ बसवलं. वार लिहायची जागा मोकळी होती. तो बघायचं काम अर्थातच पंचांगखात्याचं.

मी भाद्रपदाचं पान उघडलं. कुंकवाची खूण सापडली. लाल रंग गेला होता, तपकिरी डाग उरला होता. नक्षत्राच्या रकान्यात गणपतीनंतरच्या बुधवारपुढं विशाखा छापलेलं होतं आणि गुरुवारपुढं अनुराधा, त्याच्यापुढं आकडे तीन आणि दहा. रकान्याच्या डोक्यावर संक्षेप होते. मी वाचलं ते घं. आणि मि., म्हणजे घंटे आणि मिनिटं. गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत अनुराधा. झालं तर मग. गुरुवारी गौरी येणार, शुक्रवारी जेवणार, शनिवारी जाणार. त्याच रकान्यात खाली कुठं एक्केचाळीस, कुठं छपन्न असे आकडे होते. दिवसाला छपन्न तास कसे, हा प्रश्न नववीत गणितात बऱ्यापैकी मार्क मिळवणाऱ्या मुलीला पडायला हरकत नव्हती. मला पडला नाही. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: शुक्रवारी जेवण.

आठ दिवसांनी उलट टपालानं कार्ड आलं. शुक्रवारची एक दिवसाची रजा मिळाली, सकाळच्या गाडीनं दोघं येतो, आणि खाली बारीक अक्षरात: वहिनी, दादाला सांगितलं आहे ना? आईनं ते दोनदा वाचलं आणि तुरीच्या डब्यात खाली दडवलं. सांगू की, म्हणाली. गौरी घरात आल्या की सांगू. त्यांच्यासमोर ते आवाज चढवायचे नाहीत.

बुधवारी सकाळी, शाळेला गणपतीची सुट्टी होती म्हणून, मी दुर्गदबैलात भाजी आणायला गेले. दुसऱ्या दिवशीसाठी तेरडा आणि शेपू, शुक्रवारच्या सोळा भाज्यांपैकी ज्या टिकतात त्या. हातगाड्यांच्या त्या गर्दीत देशपांडेकाकू भेटल्या. त्यांचं घर मराठी, गौरी आमच्यासारख्याच. दोन्ही हातांत पिशव्या, घाईत. आज तुमच्याकडं कधी आणणार, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितलं की आज नव्हे, उद्या. आज विशाखा आहे. काकू थांबल्या. "उद्या तर जेवण, ग. तुला कुणी सांगितलं उद्या?" मी म्हणाले पंचांगात आहे. कन्नड पंचांगात जरा वेगळं असेल, असंही वर म्हणाले, म्हणजे चूक चंद्राची. काकूंनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. त्यांनी मला नेलं आणि मराठी पंचांग पुढं केलं. बुधवारच्या चौकटीत स्वच्छ छापलं होतं: गौरी आवाहन. गुरुवारी पूजन. शुक्रवारी विसर्जन. मामाचं पंचांग येत होतं तेव्हा आमच्या घरात कुणालाच काही मोजावं का लागलं नाही, ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं. आजकाल सुनेच्या फोनवर हे सगळं आयतं येतं, वर घंटाही वाजते. ती घंटा वाजली की घरातले सगळे माझ्याकडं का बघतात ते तिला लग्नानंतर वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येईपर्यंत मी मनात एकच वाक्य फिरवत होते. शुक्रवारी दुपारी इंदूआत्या नवऱ्याला घेऊन उंबऱ्यात उभी राहणार, आणि आत गौरी निघून गेलेल्या, कोपरा झाडलेला, पुरण संपलेलं. तीन वर्षांनी बोलावलं ते सण आटोपल्यावर. ती काय समजेल हे मला चौदाव्या वर्षीही कळत होतं. ती काही बोलणार नाही, पाणी पिईल, आणि परत कधी येणार नाही.

आई रव्याचे लाडू वळत होती. मी सगळं सांगितलं, रडत, नाक ओढत, काकूंच्या पंचांगासकट. आईच्या हातातला लाडू फुटला. तो तिनं पुन्हा वळला, ताटात ठेवला, मग हात पुसले. मला वाटलं आता पाठीत बसणार. "शेपू आणलीस का?" तिनं विचारलं. आणली होती. "मग निवड. अनुराधा आज आहे तर आज येतील. रडायचं ते निवडता निवडता रड." गंगक्कांना हाक गेली, डबे रिकामे करून त्यांची धडं उभी राहिली, त्यांना साड्या नेसवल्या, पितळी मुखवटे चिंचेनं घासून लखलखीत केले. मी दारापासून मुठीनं रांगोळीची पावलं काढली, वाकडी आली ती तशीच राहू दिली. गंगक्का हातातलं काम टाकून आल्या होत्या. गणपतीच्या मागून येणारी तुमची गौर, आज सांगायलाही विसरली का, असं म्हणता म्हणता त्यांनी मुखवटा उचलला. दिवेलागणीच्या आधी दोघी आत आल्या, भाजीभाकरीचा नैवेद्य झाला. आई मला हळूच म्हणाली, पत्राचं मी सांगते, घटकांचं तू सांग. मला तोपर्यंत ते घटकांचं प्रकरण आहे हेही माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. तिच्या माहेरी पंचांग तासांत नसायचंच.

अप्पा पावणेसहाला आले. चपला काढता काढता आत बघून म्हणाले, उद्या ना? आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि उभ्यानंच सांगून टाकलं. "आज आल्या. आणि शुक्रवारी इंदूला जेवायला बोलावलंय. दोघांना."

अप्पांनी पाणी प्यायलं नाही. तांब्या हातात तसाच. गौरींपुढच्या समईकडं बघत राहिले. मी त्या शांततेत घुसले, कारण पुढं काय होईल याची मला भीती वाटत होती. माझी चूक, मी पंचांग चुकीचं वाचलं, मी शुक्रवार लिहिलं, शुक्रवारी गौरी जाणार, तार केली तर पोचेल पण तिची रजा शुक्रवारचीच आहे, असं सगळं एका दमात. शेवटी मी थांबले. अप्पा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आण इकडं ते."

त्यांनी चष्मा लावला. माझ्या आठवणीत पंचांग त्यांनी हातात धरल्याची ही पहिली वेळ. रकान्याच्या माथ्यावर ते बराच वेळ बघत राहिले, मग मागची दोन पानं उलटली, पुन्हा पुढं आले आणि नखानं काहीतरी खरवडलं. तपकिरी भुगा पडला. कन्नडमध्ये अनुस्वार मराठीसारखा डोक्यावर ठिपका म्हणून देत नाहीत; अक्षराच्या शेजारी वाटोळं शून्य काढतात. आईच्या कुंकवाचं बोट नेमकं छापलेल्या घ च्या शेजारी टेकलं होतं. पाच महिन्यांत मधलं कुंकू झडून गेलं आणि कड तेवढी उरली: गोल, नेटकं शून्य. घ. म्हणजे घटका. घं. म्हणजे घंटे, तास. आणि पुढं होतं ते मि. नव्हतंच, वि. होतं, विघटी; कन्नडमध्ये ही दोन अक्षरं जुळ्या बहिणींसारखी दिसतात, एकीला शेपूट थोडी जास्त, एवढाच फरक. अप्पांनी सगळं समजावून सांगितलं नाही. आईकडं बघून एवढंच म्हणाले, हा अनुस्वार तुझ्या छापखान्यातला. आई पदराच्या टोकाशी चाळा करायला लागली.

मग त्यांनी एक जुनं पाकीट फाडून आतली कोरी बाजू पसरली, पेन्सिल घेतली. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, आणि मोजायची सूर्योदयापासून. सूर्योदय सहा वीस. तीन घटका दहा विघटी म्हणजे शहात्तर मिनिटं: गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला अनुराधा संपते. म्हणजे खरी ती बुधवारचीच. पंचांगात बुधवारपुढं विशाखा छापलं होतं ते सूर्योदयाला असतं ते नक्षत्र, पुढच्या काही मिनिटांत संपणारं. हे त्यांनी लिहून काढलं. मला वाटलं इथं थांबतील, चूक सापडली होती. ते थांबले नाहीत. ज्येष्ठा, शुक्रवारी साडेसात घटका, म्हणजे नऊ वीस. पेन्सिलीचं टोक खाली सरकलं. मूळ, शनिवारी साडेबारा घटका. तीनशे मिनिटं. पाच तास. त्यांनी आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती चौकट काढली, कचेरीत काढत असतील तशी.

"मूळ शनिवारी सकाळी अकरा वीसपर्यंत आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे शुक्रवारीच निघायला पाहिजे असं काही नाही. शुक्रवारी राहता येतं तिला. शनिवारी अकरा वीसच्या आत निघाली की झालं."

तिला म्हणजे कुणाला, हे आईनं विचारलं नाही. मी विचारणार होते, तोंड उघडलंही होतं, तर आईनं माझ्या हातात रिकामी घागर दिली आणि मला नळावर पाठवलं. नळाला त्या वेळी पाणी नसतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी पूजा झाली, सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील. संध्याकाळी हळदीकुंकवाला देशपांडेकाकू आल्या, आणि शुक्रवारी पुन्हा पुरण घालणार आहे हे ऐकून जरा नाराज झाल्या. आमच्यात तर दुसऱ्या दिवशी दहीभात देऊन पाठवणी, मुळावर कसलं जेवण, असं त्यांनी विचारलं. आई त्यांच्या ओटीत तांदूळ घालत होती. "गौरीचं जेवण आज झालं," ती म्हणाली. "उद्या लेकीचं आहे." काकूंनी ओटी सावरली. गंगक्का मात्र अंगणात सगळ्यांना सांगत सुटल्या की मराठी गौरीनं बदली रद्द करून घेतली, वरच्या साहेबाची ओळख आहे.

शुक्रवारी अप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. डोकं दुखतंय म्हणाले. डोकं दुखणारा माणूस सकाळपासून तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला.

साडेअकराला ते दोघं आले. आत्या वाळली होती, की मीच उंच झाले होते, कोण जाणे. मास्तर तिच्या एक पाऊल मागं, हातात केळीचा घड आणि मधाची बाटली, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. उंबऱ्याच्या बाहेर ती थांबली आणि तिनं आधी गौरींकडं बघितलं. दोघी जागच्या जागी होत्या, ताजे गजरे घालून. मग अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, ये. आई लगबगीनं पुढं होऊन म्हणाली, या, दोघं या, पाय धुवा. अप्पा मास्तरांशी काही बोलले नाहीत. जेवायला दोघं एका पंगतीत बसले, पण मधे एक पाट रिकामा सुटला. तो कुणी सोडला ते कळलं नाही; मांडले मी होते आणि मी तरी लागून मांडले होते. मास्तर खाली मान घालून जेवत होते. आईनं तिसरी पोळी वाढली तेव्हा साकु साकु, पुरे म्हणाले. आईला त्या वेळी कन्नड ऐकू येईनासं झालं. मी आत्याला कुंकवाच्या शून्याची सगळी हकिकत सांगितली. ती हसता हसता ठसकली, आणि तिला पाणी द्यायला अप्पा स्वतः उठले. तरी ते मास्तरांशी बोलले नाहीत. दुपारभर दोघे पुरुष एकाच खोलीत बसून, एकच वर्तमानपत्र पानं वाटून घेऊन वाचत होते.

चारला चहा झाला. पाचची गाडी होती. आत्या उठली, पिशवी आवरायला लागली. आईनं पिशवीला हात घातला. "गौरी उद्या जातात. घरात आणायला तू नव्हतीस. बाहेर काढायला तरी राहा."

आत्या म्हणाली की रजा एका दिवसाचीच आहे. शनिवारी सकाळची शाळा, हेडमास्तर कडक, आधी अर्ज दिल्याशिवाय चालत नाही. ही एक रजाच किती विनवण्या करून मिळाली. वहिनी, नाही जमायचं. हे सगळं ती आईला सांगत होती, पण बघत होती अप्पांकडं. तिला राहायचं होतं. ते मास्तरांनाही दिसत होतं. ते हळूच कन्नडमध्ये म्हणाले की तू राहा, मी जाऊन हेडमास्तरांशी बोलतो. आत्यानं मान हलवली. नुसत्या बोलण्यानं भागत नाही तिथं, कागद लागतो.

अप्पा उठले. आतून फूलस्केप कागद, पेन आणि खाली धरायला माझं नकाशांचं पुस्तक घेऊन आले. खुर्ची दाराजवळच्या उजेडात ओढली आणि लिहायला लागले. शाळा कन्नड, म्हणून अर्ज कन्नडमध्ये. पल्लेदार, डावीकडं किंचित झुकणारं अक्षर. माननीय मुख्याध्यापकांना विनंती, मी आपल्या शाळेतील सहशिक्षिका, वगैरे सगळं एका ओघात उतरलं. रजेचं कारण लिहायच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. आई गौरींच्या समईत तेल घालत होती, तीही थांबली. वीस वर्षं ज्या माणसानं दिवसभर कन्नडशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं, त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं.

"माहेराला तुमच्यात काय म्हणतात हो, मास्तर?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "तवरुमने," ते म्हणाले. मग, आपण फारच थोडं बोललो असं वाटून की काय, पुन्हा सावकाश, शाळेत फळ्यापुढं सांगतात तसं म्हणाले, "तवरु, मने."

अप्पांनी तो शब्द लिहिला. तवरुमनेत धार्मिक कार्य असल्याकारणाने एक दिवसाची रजा मंजूर व्हावी. कागद आत्याकडं वळवून त्यांनी सहीची जागा बोटानं दाखवली. तिनं सही केली. शाई वाळू दिली. मग अप्पांनी कागदाची तीन घड्या घातल्या आणि तो तिच्या हातात न देता मास्तरांच्या शर्टाच्या खिशात स्वतः ठेवला, वरून एकदा हात फिरवून नीट बसला का बघितला.

"उद्या शाळेत देऊन दुपारच्या गाडीनं परत या," ते म्हणाले. "रविवारी दोघं बरोबर जा."